प्रकरण सातवे : खारा वारा आणि धुराचा वारा

पालघर स्थानकातून निघालेला रस्ता शिरगाव ओलांडून सातपाटीला समुद्राशी भेटतो. ज्या गावात वलांड्यांवर बोंबील वाळत असतात आणि ज्याच्या नावाशी पापलेटचे नाव कायमचे जडले आहे, त्या गावाच्या पाठीशी भातशेती, नारळाच्या बागा आणि भाजीपाल्याच्या वाड्या आहेत, ही गोष्ट परगावच्या माणसाच्या सहसा ध्यानात येत नाही. अशाच एका वाडीत माघ महिन्यातल्या एका सकाळी मी उभा असताना, वालाच्या वेलाचे एक पान खुडून माझ्या हातावर ठेवीत तेथील वृद्ध बागाईतदार म्हणाले, ''मास्तर, तुम्ही शिकलेले आहात, म्हणून विचारतो. हे पान खाऱ्या वाऱ्यानं करपलं, की बोईसरकडच्या धुरानं? माझे वडील प्रत्येक करपलेल्या पानाचा दोष खाऱ्या वाऱ्याला द्यायचे; माझा मुलगा प्रत्येक पानाचा दोष कारखान्यांना देतो. खरं कोणाचं?''

''काका,'' मी म्हणालो, ''दोघांचंही थोडं थोडं खरं असेल. पण ते ठरवायला आधी पानालाच विचारावं लागेल.'' पानाला विचारायचे म्हणजे काय करायचे, हे सांगण्यासाठी हे प्रकरण आहे.

१. पानाच्या खिडक्या

वनस्पतीचे अन्न तिच्या पानात तयार होते. मुळांनी वर चढविलेले पाणी, हवेतला कर्बद्विप्राणिल वायू आणि सूर्याचा प्रकाश या तीन गोष्टी एकत्र आल्या की हरितद्रव्याच्या साहाय्याने पान साखर बनविते, आणि त्याच साखरेतून पुढे भाताचा दाणा, चिकूचा गर व नारळाचे खोबरे घडते. पाणी मुळांतून येते आणि प्रकाश वरून पडतो. हवा मात्र पानाला आत घ्यावी लागते, आणि त्यासाठी निसर्गाने पानाला अतिसूक्ष्म खिडक्या ठेवल्या आहेत. त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. ती इतकी लहान असतात की पानाच्या एका चौरस मिलिमीटर जागेत शंभरापासून काहीशेपर्यंत रंध्रे सहज मावतात. भाताच्या पात्याला ती दोन्ही अंगांना असतात, तर आंब्यासारख्या पुष्कळ झाडांना पानाच्या खालच्याच अंगाला असतात.

सातपाटीच्या गृहिणीला या खिडक्यांची अडचण चटकन समजेल. स्वयंपाकघरात वारा यावा म्हणून तिने खिडकी उघडली की वाऱ्याबरोबर अंगणात वाळणाऱ्या सुकटीचा वासही घरात शिरतो, आणि वास नको म्हणून तिने खिडकी लावली की चुलीपाशी जीव गुदमरतो. पानाची अवस्था तशीच आहे. पर्णरंध्रे उघडल्यावाचून कर्बवायू आत येत नाही आणि ती उघडली की हवेत जे जे असेल ते ते आत येते. घातक वायूची चाहूल लागून ती मिटली तरी अन्ननिर्मिती मंदावते, म्हणजे तोटा दोन्हीकडून होतो.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. बहुतेक पिकांची रंध्रे दिवसा उघडी आणि रात्री मिटलेली असल्यामुळे रात्री सुटलेल्या वायूपेक्षा तितकाच वायू भर सकाळी सुटला तर त्याचा उपद्रव अधिक होतो. दुसरी गोष्ट मनाला लागणारी आहे. पाण्याचा ताण पडलेले झाड आपली रंध्रे मिटून घेते, तर वेळच्या वेळी पाणी मिळालेले झाड ती मोकळेपणी उघडते. त्यामुळे ज्या बागाईतदाराने मायेने पाणी पाजले, त्याच्याच वेलाच्या अंगात घातक वायू अधिक शिरतो.

२. करपलेल्या पानाची तपासणी

आता काकांच्या पानाकडे वळू. किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटांचे तुषार वाऱ्यावर चढून वाडीपर्यंत येतात, त्यांतले पाणी उडून जाते आणि मीठ पानावर राहते. ते पानाच्या पेशींतील ओलावा ओढून घेते, म्हणून पानाचा शेंडा आणि कडा तपकिरी होऊन वाळतात. या करपण्याची खूण अशी, की ते समुद्राकडे तोंड असलेल्या बाजूला अधिक असते, कुंपणालगतच्या पहिल्या ओळींत ठळक असते, आत जावे तसे विरत जाते, आणि वादळी वाऱ्यानंतर वाढते. असे पान जिभेला लावले तर खारट लागते.

गंधकद्विप्राणिल, म्हणजे गंधक असलेला दगडी कोळसा किंवा तेल जळताना निघणारा उग्र वायू, वेगळी खूण ठेवतो. तो रंध्रांतून आत शिरून पानातील ओलाव्यात विरघळतो आणि तेथे पेशींना मारक अशी द्रव्ये निर्माण करतो. पान ही द्रव्ये हळूहळू निरुपद्रवी करू शकते, एवढेच नव्हे तर थोडासा गंधक पिकाला पोषकही असतो. परंतु पचविण्याच्या वेगापेक्षा येण्याचा वेग वाढला की शिरांच्या मधला भाग फिकट पांढरा किंवा पिवळट पडतो आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. फ्लोराइडयुक्त वायूंची तऱ्हा आणखी निराळी. ते पानातील पाण्याच्या प्रवाहाबरोबर वाहत वाहत टोकाशी आणि कडेशी साचतात, म्हणून त्यांनीही शेंडा व कडाच जळतात, आणि मेलेला भाग व जिवंत भाग यांच्यामध्ये पुष्कळदा गडद तांबूस रेघ उमटते. हे करपणे मिठाच्या करपण्यासारखेच दिसत असल्यामुळे नुसत्या नजरेवर निवाडा देऊ नये. पान प्रयोगशाळेतच तपासले पाहिजे. अमोनिया एकाएकी गळला तर मात्र काही तासांतच पाने उकडल्यासारखी काळपट दिसू लागतात.

पानच काय, फळही साक्ष देते. उत्तर भारतातील आमराईत विसाव्या शतकाच्या आरंभापासून एक विकार माहीत आहे : आंब्याचे खालचे टोक काळे पडून कठीण होते आणि फळ बाजाराच्या लायकीचे राहत नाही. त्याचा संबंध जवळच्या वीटभट्ट्यांच्या धुराशी आहे. आपल्याकडेही दिवाळीनंतर वीटभट्ट्या पेटतात त्या पावसाच्या तोंडापर्यंत धुमसत राहतात, आणि आंब्याच्या मोहोराचा व फळधारणेचा काळही नेमका तोच. आमराईजवळ भट्टीला जागा देणाऱ्या जमीनमालकाने एवढा विचार अवश्य करावा.

काकांच्या वाडीत आम्ही कुंपणापासून आत चालत गेलो. पहिल्या दोन ओळींची पाने पश्चिमेच्या अंगाने कडेला करपली होती आणि चवीला खारट होती. त्या पानांपुरता काकांच्या वडिलांचा निवाडा बरोबर होता. परंतु मधल्या ओळींत, जेथे खाऱ्या वाऱ्याचा मारा पोचत नव्हता, तेथे जुन्या पानांच्या वरच्या अंगावर टाचणीच्या टोकाएवढे असंख्य फिकट ठिपके दिसले. ते मिठाचे नव्हते. त्यांच्याकडे आपण पाचव्या भागात येऊ.

३. धुळीचा थर

परतीच्या वाटेवर, अवजड गाड्यांची वर्दळ असलेल्या एका रस्त्याकडेच्या आंब्याचे पान मी ओल्या रुमालाने अर्धे पुसले. पुसलेला अर्धा भाग गर्द हिरवा आणि तकतकीत निघाला, उरलेला अर्धा राखेच्या रंगाचा राहिला, आणि रुमालावर काळपट करडा पट्टा उमटला. हा प्रयोग कोणाही वाचकाला पैशाचाही खर्च न करता करता येईल.

धुळीमुळे पानावर पडणारा प्रकाश अडतो, म्हणजे अन्ननिर्मितीचे भांडवलच कमी होते. भातासारख्या ज्या पिकांना वरच्या अंगालाही रंध्रे असतात, त्यांची रंध्रे काही अंशी बुजतात. आंब्याची रंध्रे खाली असल्यामुळे त्याला हा त्रास कमी, पण अंधाराचा त्रास तेवढाच. शिवाय धुळीने माखलेले पान उन्हात अधिक तापते, आणि फुलाच्या कुक्षीवर धूळ बसली तर परागकण रुजण्यास अडथळा येतो. दगडाच्या खाणीची, चुन्याची, सिमेंटची आणि कोळशाच्या राखेची धूळ दवाने भिजली की तिची खपली बनते, आणि ती साध्या वाऱ्याने उडत नाही. पहिला दमदार पाऊस ही सारी धूळ धुऊन नेतो, म्हणून तिची बाधा खरिपाच्या पिकाला कमी आणि हिवाळी भाजीपाल्याला व फळबागांना अधिक होते.

४. लोंबीचा हिशेब

येथवर आपण डोळ्यांना दिसणारी इजा पाहिली. वनस्पतिशास्त्रज्ञ तिला तीव्र इजा म्हणतात आणि ती बहुधा एखाद्या अपघाती गळतीने किंवा फार जवळच्या धुराड्याने होते. परंतु थोडा थोडा दूषित वायू महिनेन् महिने पोटात घेत राहिलेले पीक वरून हिरवेगार दिसत असतानाही आतून खर्चात पडलेले असते. आलेल्या विषाचा निचरा करण्यात आणि मोडलेल्या पेशी दुरुस्त करण्यात त्याची साखर खर्च होते. पाने नेहमीपेक्षा लवकर म्हातारी होतात. आणि दाणा भरण्याच्या ऐन वेळी कोठारात माल अपुरा पडतो. ज्या घरात आजारपणावर रोज चार पैसे जातात त्या घराचे छप्पर कोसळत नाही, पण लग्नकार्याच्या वेळी गाठीला काही नसते, तसाच हा प्रकार आहे.

एक लहानसा हिशेब करू. समजा, निरोगी भाताच्या एका लोंबीत १२० भरलेले दाणे आहेत आणि प्रत्येक दाण्याचे वजन २५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे लोंबीत ३,००० मिलिग्रॅम, अर्थात ३ ग्रॅम भात आले. आता दूषित हवेत वाढलेल्या लोंबीत दहा दाणे पोचट राहून ११० भरले आणि त्यांचेही वजन प्रत्येकी २४ मिलिग्रॅमच भरले, असे धरू. एकूण वजन २,६४० मिलिग्रॅम होते. लोंबीतले दहा दाणे पोचट आहेत हे उभ्या पिकात कोणाच्या ध्यानात येणार नाही, आणि दाण्यामागे एका मिलिग्रॅमची तूट तर हातालाही कळणार नाही. तरीही एकंदर तोटा शेकडा १२ झाला. ज्या शेतात हेक्टरी २५ क्विंटल भात यावयाचे तेथे २२ क्विंटल आले, आणि शेतकऱ्याने खळ्यावर उभे राहून पावसाला, बियाण्याला किंवा आपल्या नशिबाला बोल लावला.

हा तोटा हवेचाच, असे शास्त्रज्ञ कशावरून म्हणतात? ते शेतातच एकाच वाणाचे पीक माथा उघडा असलेल्या पारदर्शक कोठ्यांत वाढवितात. काही कोठ्यांत बाहेरची हवा जशीच्या तशी सोडतात आणि काहींत ती कोळशाच्या गाळणीतून शुद्ध करून सोडतात. माती, पाणी, खत, ऊन सारे समान आणि फरक केवळ हवेचा. तेव्हा उत्पन्नात पडणारे अंतर हवेच्या खात्यावर मांडणे न्याय्य ठरते.

५. धुराड्यातून न निघणारे विष

आता मधल्या ओळींतल्या ठिपक्यांकडे येऊ. १९४० च्या दशकात अमेरिकेतील लॉस एंजल्स शहराच्या आसपास पालेभाज्यांच्या पानांवर रुपेरी, तांबूस चकाकी येऊन ती वाळू लागली. त्या भागात गंधकाचा धूर तर पुरेसा नव्हता. अननसाच्या वासाचा अभ्यास करणारे रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी या प्रश्नाकडे लक्ष वळविले आणि १९५० नंतरच्या काही वर्षांत असे दाखवून दिले, की मोटारींच्या व कारखान्यांच्या धुरातील नत्राची प्राणिले आणि इंधनाच्या वाफा यांच्यावर सूर्याचा प्रकाश पडला म्हणजे हवेतच ओझोन हा नवा वायू तयार होतो. आकाशात फार उंचावर असलेला ओझोन आपले रक्षण करतो. तोच वायू जमिनीलगत आला की पिकांचा वैरी बनतो. तो पानात शिरून पेशींचा नाश करतो. जुन्या पानांच्या वरच्या अंगावर बारीक ठिपके उमटणे ही त्याची ओळखीची खूण आहे, मात्र कोळी कीटकांनी रस शोषल्यानेही असे ठिपके पडतात, म्हणून भिंगाने पानाची खालची बाजू आधी तपासावी. आम्ही ती तपासली. कीटक दिसले नाहीत.

ओझोन कोणत्याही धुराड्यातून निघत नाही. दूध एका घरात विरजले आणि दही दुसऱ्या घरात लागले, अशातला हा प्रकार आहे : धूर जेथे निघाला तेथे ओझोन कमी आणि वाऱ्याच्या दिशेने काही कोस पुढे, उन्हात मुरल्यानंतर, अधिक. किनाऱ्यावर तर दिवसा समुद्राकडून खारे वारे आणि रात्री जमिनीकडून मतलई वारे वाहत असल्यामुळे, रात्री समुद्रावर गेलेली दूषित हवा सकाळी पुन्हा जमिनीवर येऊ शकते. शिडाची होडी हाकणाऱ्या पूर्वजांनी ज्या मतलईच्या भरवशावर समुद्र गाठला, तीच आता दूषित हवेची ने-आण करते.

ओझोनचा भार मोजण्याची रीत सोपी आहे. हवेच्या अब्ज भागांत ४० भागांपर्यंतचा ओझोन सोडून द्यावयाचा आणि दिवसाच्या प्रत्येक तासाला त्याच्या वर जेवढा असेल तेवढा जमेला धरावयाचा. समजा, एका दिवशी पाच तासांचे आकडे ३५, ४५, ६०, ५५ आणि ४२ असे आले. तर जमा झाली ०, ५, २०, १५ आणि २, एकूण ४२. असे ९० दिवस गेले तर बेरीज ३,७८० होते. युरोपातील शास्त्रज्ञांनी गव्हासाठी तीन महिन्यांत ३,००० ही मर्यादा मानली आहे. तेवढ्या भाराने उत्पन्न सुमारे ५ टक्के घटते.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २००५ या एका वर्षात ओझोनमुळे भारताने सुमारे ३५ लाख टन गहू आणि २१ लाख टन तांदूळ गमावला. एवढ्या धान्यावर सुमारे ९ कोटी ४० लाख गरिबांचे पोट भरले असते, असा त्यांचा हिशेब आहे.

पालघरच्या शेतकऱ्याला यात एक दिलासा आहे. ढगाळ आकाश आणि संततधार यांमुळे कोकणपट्टीत पावसाळ्यात ओझोन फार साचत नाही, म्हणून आपल्या खरिपाच्या भाताला त्याची झळ कमी बसते. पावसाळा संपला की मात्र ऊन प्रखर, हवा स्थिर आणि पाऊस नाही, अशी स्थिती येते. थंडीच्या सायंकाळी चुलीचा धूर जसा वर न चढता गावावर पांघरुणासारखा पसरतो, तशीच सारी दूषित हवा जमिनीलगत दडपून राहते. वाल, मिरची, टोमॅटो, आंब्याचा मोहोर आणि चिकूची बाग यांची वेळ नेमकी हीच आहे.

६. डहाणूची हकीकत

सातपाटीच्या उत्तरेला तारापूर आणि त्याच्याही पुढे डहाणू. घोलवड-डहाणूचा चिकू इतका नामांकित, की त्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. याच तालुक्यात ५०० मेगावॅटचे कोळशावर चालणारे वीज केंद्र उभे करण्याचे १९८० च्या दशकाच्या अखेरीस ठरले, तेव्हा बागाईतदारांनी आणि पर्यावरणप्रेमी नागरिकांनी न्यायालयाचे दार ठोठावले. केंद्र थांबले नाही. पण २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढून डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला आणि तेथे उद्योगांसाठी ५०० एकरांची कमाल मर्यादा घातली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले, आणि १९९९ मध्ये त्या प्राधिकरणाने वीज केंद्राला धुरातील गंधक काढणारी यंत्रणा बसविण्याचा हुकूम दिला.

ही यंत्रणा कशी चालते, हे समजून घेण्यासारखे आहे. केंद्राचे धुराडे सुमारे २७५ मीटर उंच आहे. परंतु उंच धुराडे विष दूरवर पातळ करून पसरविते, नाहीसे करीत नाही. म्हणून धूर धुराड्यात जाण्यापूर्वी त्याला समुद्राच्या पाण्याने न्हाऊ घालतात. समुद्राचे पाणी स्वभावतः किंचित अल्कधर्मी असते, आणि आंबटपणा जसा पापडखाराने मोडावा तसा त्या पाण्याने गंधकाच्या वायूचा आम्लपणा मोडतो. ज्या समुद्राचे मीठ पहिल्या ओळीचा वाल करपविते त्याच समुद्राचे पाणी चिकूच्या बागेचे रक्षण करते, हे मला फार बोलके वाटते. यंत्रणा प्रत्यक्ष सुरू झाली ती २००७ मध्ये. हुकूम आणि अंमलबजावणी यांच्यामध्ये आठ वर्षे गेली.

चिकूचे उत्पन्न घटले की त्याचा सारा दोष धुरावर टाकणे मात्र शास्त्राला धरून होणार नाही. बी पोखरणारी अळी, फळकुज, लांबलेला पाऊस आणि झाडांचे वय याही गोष्टी आहेत. पण आधीच अशक्त झालेल्या झाडावर कीड व रोग लवकर हात टाकतात, म्हणून ही कारणे हवेच्या कारणाला खोडून काढीत नाहीत, उलट पुष्कळदा त्याच्याशी हातमिळवणी करतात.

७. दफ्तरातील रकाना

डहाणूला जे संरक्षण मिळाले ते शेजारच्या पालघर तालुक्याला मिळाले नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातील शंभर औद्योगिक क्षेत्रांची हवा, पाणी आणि जमीन तपासून गुणांक काढला, तेव्हा ९३.६९ गुणांसह बोईसरजवळचे तारापूर सर्वांत प्रदूषित ठरले. या गुणांकात पाण्याचाही मोठा वाटा आहे, आणि त्या पाण्याचे दुःख मच्छीमार बांधव जाणतातच. परंतु हवेचे दुःख शेताच्या बांधापर्यंत येते आणि तेथे नोंदीवाचून विरून जाते.

आपल्याकडे पिकाचा अंदाज पैसेवारीने ठरतो. पीक किती आले हे पैसेवारी सांगते. ते कशाने कमी आले हे सांगत नाही. गारपीट झाली, पूर आला, तर तलाठी पंचनामा करतो, कारण नुकसान एका दिवसात आणि डोळ्यांदेखत झालेले असते. जो तोटा दाण्यामागे एका मिलिग्रॅमने होतो, त्याच्यासाठी दफ्तरात रकानाच नाही. कायदा मात्र इतका आंधळा नाही. १९८१ च्या वायु प्रदूषण प्रतिबंधक कायद्याने वायुप्रदूषकाची व्याख्या करताना मनुष्य व इतर जीव यांच्याबरोबर वनस्पतींना होणारी इजाही स्पष्ट शब्दांत समाविष्ट केली आहे. २००९ च्या राष्ट्रीय मानकांत गंधकद्विप्राणिलाची वार्षिक मर्यादा रहिवासी व औद्योगिक भागांत घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम, तर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रांत २० मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे जे माणसाच्या वस्तीत चालते ते नाजूक हिरवाईत चालत नाही, हे शासनाने मान्य केले आहे. मग जेथे वस्ती, वाडी आणि कारखाना एकमेकांना खेटून आहेत, तेथे पिकाच्या बाजूने हवा मोजली जावी, कृषी विद्यापीठाने तेथे गाळलेल्या हवेचे प्रयोग करावेत, आणि कारखान्यांच्या सभोवती नुसत्या कागदावरचा नव्हे असा दाट झाडांचा पट्टा असावा, ही मागणी अवाजवी कशी म्हणता येईल?

काकांना मी एवढेच सांगून निघालो, की पहिल्या दोन ओळी खाऱ्या वाऱ्याच्या आहेत, मधल्या ओळींबद्दल माझा संशय ओझोनवर आहे, पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा त्यांनीच जमवावयाचा आहे. शाळेची एक जुनी वही घ्या. पान कोणत्या तारखेला करपले, कोणत्या ओळीत, शेंड्याला की शिरांच्या मध्ये, त्या दिवशी वारा कोणीकडचा होता, वास कसला आला, आणि हंगामाअखेर कोणत्या ओळीला किती शेंगा निघाल्या, हे त्यात मांडा. शंका गंभीर असेल तर करपलेली पाने कागदी पिशवीत तारीख घालून ठेवा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करून तिची पोच घ्या. दहा वाड्यांतल्या दहा वह्या तीन वर्षांनी एकत्र ठेवल्या, तर ज्या तोट्याला आज दफ्तरात रकाना नाही त्याच्यासाठी तो आखून मागता येईल. वाचकहो, आपली वाडी सातपाटीला असो की चंद्रपूरला, ती वही आजपासून सुरू करा.